उरीयाचा हिशेब

लेंटचे दिवस आले की आमच्या मंडळ्यांतून स्तोत्र ५१ वाचले जाते, त्यावर संदेश दिले जातात आणि त्याच्या आधाराने रचलेली गीते गाइली जातात. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद ह्या सीमेवरच्या भागात तर हे स्तोत्र कोठे मराठीतून वाचतात, कोठे कन्नडातून. एकाच घरात आजी मराठी शास्त्र उघडते आणि नातू कन्नड. भाषा बदलली म्हणून मनुष्याचे पाप बदलत नाही, आणि देवाची दयाही बदलत नाही. परंतु हे स्तोत्र गाताना एक प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही. देवापुढे गोड स्वरात पाप कबूल केले म्हणजे ज्या मनुष्याचे आम्ही वाईट केले त्याचा हिशेब पुरा झाला काय?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ह्याच स्तोत्रावरील एका जुन्या संगीतरचनेचा इतिहास आम्हांला फार उपयोगी वाटतो. ती रचना रोमन मंडळीतली आहे, म्हणून कोणी बिचकू नये. स्तोत्र दाविदाचे आहे, आणि दावीद सर्वांचा आहे.

रोममधील एक गायन

ग्रेगोरिओ अल्लेग्री (१५८२–१६५२) हा इटलीतील धर्मगुरू व गायक. १६२९ मध्ये तो पोपच्या खास गायकवृंदात दाखल झाला, आणि १६३८ च्या सुमारास त्याने ह्या स्तोत्राला स्वर दिले. लॅटिन शास्त्रात स्तोत्राचा पहिला शब्द ‘मिझेरेरे’ असा आहे, म्हणजे ‘दया कर’. रचनेचे नावही तेच पडले. रोममधील सिस्टाइन चॅपेलात पवित्र सप्ताहाच्या शेवटल्या दिवसांत ती गात असत. उपासना चालू असता मेणबत्त्या एकामागून एक विझवीत, आणि अंधार दाटल्यावर हे गायन होई. वेदीमागच्या भिंतीवर मायकेल-अँजेलोने १५४१ मध्ये पुरे केलेले शेवटल्या न्यायाचे चित्र आहे. त्या चित्राच्या पायथ्याशी, वाद्याची साथ न घेता, मनुष्याच्या कंठाने दया मागायची, अशी ती योजना.

रचनेची बांधणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाणारे दोन गट असतात, एक पाच स्वरांचा व दुसरा चार स्वरांचा. एक गट एक वचन गातो. पुढले वचन अगदी साध्या, एकसुरी चालीत म्हटले जाते. मग दुसरा गट गातो. पुन्हा साधे वचन. आमच्या भजनात एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी उचलावे, तशीच ही पाळी चालते. दोन्ही गट समोरासमोर असूनही स्तोत्रभर वेगळे राहतात. अगदी शेवटी मात्र ते एकत्र येतात व नऊ स्वर मिळून गातात. हे शेवटचे वचन कोणते, ते आम्ही पुढे पाहू.

ह्या रचनेची कीर्ती पसरली तशी ती जपण्याची काळजीही वाढली. १७७० मध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट वडिलांबरोबर रोमला गेला, त्याने ती ऐकली आणि घरी येऊन आठवणीने लिहून काढली. त्याच्या वडिलांनी १४ एप्रिल १७७० रोजी पत्नीला लिहिलेल्या पत्रात ही हकीकत आहे, आणि ह्या रचनेची नक्कल बाहेर नेण्यास बंदी असल्याचा उल्लेखही आहे. पुढच्याच वर्षी, १७७१ मध्ये, चार्ल्स बर्नी ह्या इंग्रज संगीत-अभ्यासकाने ती लंडनला छापली. एके काळी जी ऐकण्यासाठी लोक रोमची वाट धरीत, ती आज भालकीच्या बाजारात उभा असलेला मुलगा मोबाईलवर ऐकू शकतो. बंद पेटीतले गाणे जगाचे झाले हे चांगलेच झाले. पापांगीकार कोणा एका दरबाराची मालमत्ता असू शकत नाही.

गोडवा हा अडथळा काय?

येथे एक जुनी शंका उभी राहते. पापाचे दुःख इतके सुंदर करून गाइले तर दुःख राहते कोठे? ऐकणारा स्वरात रंगतो आणि पाप विसरतो.

ही शंका उथळ नाही. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाब’ ह्या ग्रंथात हीच अडचण मांडली आहे. गीतातील वचनापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच मन अधिक हलते, तेव्हा आपल्या हातून अपराध होतो असे तो मानतो. तरीही मंडळीतून गायन काढून टाकावे असे तो म्हणत नाही, कारण दुर्बळ मनाला त्याचा आधार होतो. स्वित्झर्लंडमधील सुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्ये वाजविणारा होता, पण त्याने झुरिकमधील उपासनेतून गायन बंद केले. उलट ल्यूथरने गायनाला देवाचे मोठे दान मानले व मंडळीला तिच्या भाषेत गावयास लावले. आमच्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हाच मार्ग धरला. मराठी ख्रिस्ती मनुष्याने परक्या चालीत अडखळत गाण्याऐवजी आपल्या भजन-कीर्तनाच्या वळणाने प्रभूला आळवावे म्हणून ते झटले. सीमेवरच्या आमच्या खेड्यांतून पेटी, तबला व झांज घेऊन जी भजने होतात ती त्यांच्याच ऋणात आहेत.

आमच्या मते ह्या शंकेचे उत्तर स्तोत्राच्या मथळ्यातच आहे. त्यावर दोन गोष्टी नोंदल्या आहेत : हे स्तोत्र मुख्य गवयासाठी आहे, आणि दावीद बथशेबेकडे गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला त्या प्रसंगाचे आहे. राजाने आपल्या सर्वांत लाजिरवाण्या कृत्याचा कबुलीजबाब गवयाच्या हाती दिला! लोकांनी तो पाठ करावा, पिढ्यानपिढ्या म्हणावा, आणि प्रत्येक वेळी त्याची लाज उघडी व्हावी. राजे आपल्या विजयाची गाणी रचवितात. ह्याने आपल्या पतनाचे रचविले. म्हणून पापांगीकार गाणे हे ढोंग नव्हे, आणि तो सुंदर रीतीने गाणे हेही ढोंग नव्हे. गोडव्याने पाप झाकले जाते तेव्हा तो अडथळा, आणि पापाचे नाव घेण्याचे धैर्य येते तेव्हा तो साहाय्य. खरी अडचण गोडव्यात नसून दुसरीकडेच आहे.

स्तोत्रात ज्याचे नाव नाही

स्तोत्र ५१ पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्यात देव आहे, दावीद आहे, त्याची हाडे आहेत, एजोब आहे, सीयोन आहे. उरीया मात्र नाही. ज्याची बायको नेली, ज्याच्याच हाती त्याच्या मरणाचे पत्र देऊन यवाबाकडे पाठविले, त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. इतकेच नव्हे, चौथ्या वचनात आपला अपराध केवळ देवाविरुद्ध झाला आहे असे दावीद म्हणतो.

मग उरीयाविरुद्ध काही झालेच नाही काय?

भाष्यकार ह्याचे उत्तर देतात, आणि ते खरेही आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. म्हणून मनुष्यावर केलेला घाव शेवटी देवाला लागतो. नाथानाने दाविदाला हेच सांगितले, की उरीयाला मारून त्याने परमेश्वराचे वचन तुच्छ केले. म्हणजे ‘केवळ देवाविरुद्ध’ ह्या कबुलीने उरीयाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. त्याच्या पाठीमागे प्रत्यक्ष देव उभा आहे असे ती सांगते. राजाला जाब विचारणारे राज्यात कोणी नव्हते. ह्या मेलेल्या शिपायाच्या वतीने देवाने जाब विचारला.

परंतु हेच वचन आमच्या तोंडी आले की त्याचा अर्थ किती सहज फिरतो! ‘माझे आणि देवाचे काय ते आम्ही पाहून घेऊ; तुम्ही मध्ये कोण?’ असा तो होतो. ज्याचे नुकसान केले तो दाराशी उभा असतो, आणि आम्ही आत गुडघे टेकून देवाशी समेट करीत असतो. हा पश्चात्ताप नव्हे. ही पळवाट आहे, आणि गाण्याने ती अधिकच गुळगुळीत होते.

अल्लेग्रीच्या रचनेच्या इतिहासात ह्याचा एक कठोर दाखला आहे. सिस्टाइन चॅपेलात स्त्रिया गात नसत. मग ते उंच, निर्मळ भासणारे स्वर कोठून येत? प्रारंभीच्या काळात मोठ्या पुरुषांच्या कृत्रिम आवाजातून. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र असे गायक घेतले जाऊ लागले की ज्यांचा आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच त्यांच्या शरीरावर शस्त्र चालविले होते, आणि संसार व संतती ह्यांना ते कायमचे मुकले होते. मंडळीच्या नियमांप्रमाणे असे अंगच्छेदन निषिद्ध होते. तरी त्यापासून निघालेला स्वर वेदीपुढे चालत होता. १९०३ मध्ये पोप दहावे पायस ह्यांच्या आज्ञेने ही रीत मोडली. अशा गायकांपैकी शेवटला प्रसिद्ध गायक अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये वारला. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे जगातील एक अत्यंत सुंदर पापांगीकार अशा मनुष्यांच्या कंठातून गाइला जात होता, ज्यांच्यावरच पाप झाले होते. ऐकणारे रडत; पण त्या गाणाऱ्याचे कोणी काय केले, हे कितीजण विचारीत? उरीया स्तोत्रात नव्हता. तो गायकवृंदात उभा होता.

आमच्याकडील गायकवृंद

रोमकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण त्याने आमचा हिशेब फिटत नाही. उत्तम शुक्रवारी आमच्या मंदिरांतूनही गळा दाटून गाणारे पुष्कळ असतात. त्यांच्या अश्रूंवर आम्ही संशय घेत नाही. आमचे विचारणे इतकेच, की ते अश्रू मंदिराबाहेर किती लांब जातात?

आमच्या भागात तुरीचे व ज्वारीचे शेत ज्याने केले आहे त्याला ‘बांध कोरणे’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दरसाल नांगरताना औत वीतभर पलीकडे घालायचे. दहा वर्षांत बांध हातभर सरकतो, आणि भाऊ भावाशी बोलेनासा होतो. कोठे वडिलांच्या मागे बहिणीचा हिस्सा तिला न विचारता पाहणीवरून नाहीसा होतो, आणि ती माहेरी आली की तिला साडी-चोळी देऊन प्रार्थनेने निरोप दिला जातो. कोठे राबणाऱ्या बाईची मजुरी ‘पुढच्या आठवड्याला’ म्हणून सुगी संपेपर्यंत लांबते. कोठे सोयरीक जमविताना बाप्तिस्म्याच्या पाण्याला जुन्या जातीची आठवण येते, आणि एखाद्या घराचे दार हळूच लावून घेतले जाते. असे करणारे लोक दुष्ट असतात असे नाही. ते तुमच्या-आमच्यासारखेच असतात, आणि त्यांच्यापैकी काहींचा आवाज फार चांगला असतो.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पोचते. ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. आम्ही मंदिरात गातो तेव्हा देव एकच गाणे ऐकत नाही, दोन ऐकतो. एक आमचे, पेटी-तबल्यावरचे. दुसरे शेतातले, जे आम्हांला ऐकू येत नाही. दोन गट समोरासमोर उभे आहेत आणि पाळीपाळीने गात आहेत. दोन्ही स्वर एकाच सिंहासनापुढे जातात.

ज्या भूमीत आम्ही राहतो तिलाही हे नवे नाही. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णा व त्यांच्याबरोबरचे शरण ह्यांनी बोलणे व वागणे एक असावे ह्यावरच भर दिला. ‘नुडी’ आणि ‘नडे’ ही कन्नड शब्दांची जोडी आमच्या भागातील मराठी माणसालाही ठाऊक असते. ओठात एक आणि पोटात एक, असा मनुष्य आमचे शेजारी चटकन ओळखतात. त्यांच्यापुढे आम्ही क्षमेची सुवार्ता सांगतो, तेव्हा ते आधी आमच्या बांधाकडे पाहतात. त्यांचे चुकते असे आम्हांला वाटत नाही.

चौपट

तर मग काय करावे? शास्त्र ह्याविषयी मोघम नाही. नाथानाने गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली तेव्हा दाविदाने रागाने निवाडा दिला, की त्या मनुष्याने चौपट भरून द्यावे. निवाडा त्याच्याच तोंडून निघाला होता. परंतु ज्याला भरून द्यायचे तो तर मेला होता. हे दाविदाचे खरे दुःख होय. काही पापे अशी असतात की क्षमा मिळते, पण भरपाईची वेळ निघून गेलेली असते. कदाचित म्हणूनच उरीयाचे नाव त्याला उच्चारता आले नसेल.

पुढे सुमारे हजार वर्षांनी यरीहोत जकातदारांचा मुख्य जक्कय उभा राहिला व आपण ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करू म्हणाला. दाविदाने उच्चारलेला निवाडा जक्कयाने आचरला. आणि प्रभू त्याच्या घरी उतरला तो ह्या भरपाईचा मोबदला म्हणून नव्हे. तो आधीच उंबराच्या झाडाखाली थांबला होता व त्याने त्याला नावाने हाक मारली होती. येथे आमचे काही बंधू म्हणतील, ‘हे तर कर्मांनी तारण मिळविणे झाले.’ तसे मुळीच नाही. भरपाईने क्षमा विकत घेता येत नाही. पण क्षमा खरोखर घरात आली म्हणजे ती पेटीतल्या दुसऱ्याच्या पैशांना तेथे सुखाने राहू देत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पश्चात्तापाला शोभणारी फळे मागितली. झाड आधी, फळ मागून, पण फळ हवेच.

आता अल्लेग्रीच्या शेवटल्या वचनाकडे या. सतराव्या वचनापर्यंत स्तोत्र एका मनुष्याचे आहे : माझे पाप, माझे हृदय, माझी जीभ. अठराव्यात एकाएकी नगर येते. दावीद यरुशलेमेच्या तटासाठी प्रार्थना करतो. आणि एकोणिसाव्यात तो म्हणतो, की मग योग्य यज्ञ देवाला आवडतील. आधी सोळाव्या वचनात देवाला यज्ञ नको असे तोच म्हणाला होता! दोहोंच्या मध्ये काय घडले? भग्न हृदय आले, आणि पडलेले नगर उभे राहिले. एका मनुष्याच्या पापाने तट ढासळतो तसा एका मनुष्याच्या खऱ्या पश्चात्तापाने तो पुन्हा चढू लागतो. तेव्हाच अर्पणाला अर्थ येतो. स्तोत्रभर वेगळे राहिलेले दोन गट ह्याच ठिकाणी, यज्ञ मान्य होण्याच्या वचनावर, एकत्र येऊन नऊ स्वरांत गातात. अल्लेग्रीने असे कशासाठी केले ते आम्ही सांगू शकत नाही. पण शास्त्राचा क्रम तोच आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने तोच क्रम घालून दिला : आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर दान तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा, मग येऊन दान द्यावे. दान टाकून द्या असे तो म्हणत नाही. गाणे बंद करा असेही म्हणत नाही. फक्त क्रम सांगतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुलांना स्तोत्र ५१ पाठ करवून घेताना २ शमुवेलाचे ११ व १२ हे अध्यायही त्यांच्यासमोर ठेवा, आणि वयाला साजेल अशा शब्दांत विचारा, ‘ह्या स्तोत्रात कोणाचे नाव यायचे राहिले?’ मुले अशा गोष्टी मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. दुसऱ्याची पाटी फोडली तर प्रार्थनेत क्षमा मागायचीच, पण पाटीही भरून द्यायची, हे दहा वर्षांच्या मुलाला समजते. ते मोठेपणी विसरू नये, एवढेच शिकवायचे आहे.

आणि मोठ्यांना आम्ही असे सुचवितो. येत्या उत्तम शुक्रवारच्या आधी प्रत्येकाने आपल्या उरीयाचे नाव मनाशी घ्यावे. तो जिवंत असेल तर दाविदापेक्षा आम्ही भाग्यवान आहोत; अजून वेळ आहे. जावे, बांध मोजून घ्यावा, मजुरी हातावर ठेवावी, बहिणीला बोलवावे. तो क्षमा करीलच असे नाही. त्याच्यावर ती सक्ती नाही. देणे देऊन परत यावे आणि वाट पाहावी. तो मेला असेल तर त्याच्या घरचे कोणी उरले आहे काय, ते पाहावे. शौलाच्या घराण्यातले कोणी उरले आहे काय, असे विचारून दाविदानेच मफीबोशेथाला शोधून काढले होते. उरलेल्यांना शोधणे त्याला ठाऊक होते.

दाविदाच्या स्तोत्रात उरीयाचे नाव नाही, पण शास्त्राने ते हरवू दिले नाही. दाविदाच्या शूर वीरांची यादी २ शमुवेलाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. तिच्यात शेवटले नाव उरीयाचे आहे. राजांच्या पुस्तकात दाविदाची वाखाणणी करतानाही उरीयाची गोष्ट वगळून, असे लिहून ठेवले आहे. आणि मत्तयाने प्रभू येशूची वंशावळी लिहिताना शलमोनाच्या आईचे नाव लिहिले नाही. ती उरीयाची बायको होती, असे लिहिले. तारणाऱ्याच्या वंशावळीतच देवाने त्या अन्यायाची नोंद ठेवली. ज्याला आम्ही गाण्यातून वगळतो, त्याला देव आपल्या पुत्राच्या घराण्याच्या नोंदीत जागा देतो. असा देव आमचे स्तोत्र ऐकत आहे, हे ध्यानात ठेवून आम्ही ते गावे. मराठीत गावे, कन्नडात गावे, होईल तितके सुंदर गावे, आणि गाण्याआधी एकदा शेजारच्या दारी जाऊन यावे.